टोक नसलेली पानं

विणकाम शिकवणाऱ्या एका वर्गाने मला बोलावलं होतं. तुम्ही इतकी वर्षं डॉबीच्या मागावर नकशे भरलेत, तुमच्या युक्त्या आमच्या मुलांना सांगा, अडलेला माग कसा चालता करायचा, बिघडलेल्या नकशावर वेळ कशी मारून न्यायची, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हणालो. तेव्हा, लिहून तरी द्या, म्हणाले. म्हणून लिहायला बसलो, तर पहिल्याच युक्तीपाशी हात थांबला. मला स्वतःची शिसारी आली. तरी लिहितो. गाळून सांगण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली, आता ते पुरे झालं.

पहिली युक्ती अशी. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. विणकर त्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढतो आणि सूत जिभेवर घेतो. दिवसभर हेच चालतं. मी सायकलच्या तारेचा एक बारीक आकडा केला. तो भोकातून आत घालायचा आणि सूत ओढून घ्यायचं. तोंड लावायला नको, छातीत सुताची कुस जायला नको. हळूहळू आमच्या शेडमधला प्रत्येक विणकर तसा आकडा ठेवू लागला आणि मास्तरांनी आमच्या छातीची काळजी घेतली असं म्हणू लागला. मी ते ऐकून घेत असे. खरं कारण निराळं होतं. नकशा भरल्यावर प्रत्येक माग मला स्वतः थोडा चालवून पाहावा लागे, आणि त्या धोट्यांना ज्यांची तोंडं लागलेली असत त्यांच्या थुंकीची मला किळस येत असे. आमचं घर रोहणा गावचं, शेतकऱ्याचं. विणणाऱ्यांत अस्पृश्य मानलेले लोक होते, त्यांच्या हातचं पाणी आमच्याकडे कोणी घेत नव्हतं. तो तारेचा आकडा या किळसेतून निघाला आहे. वर्गातल्या मुलांनी तो जरूर वापरावा, चांगला आहे. कुठून आला तेवढं माहीत असावं.

ती शेड सिंदीला होती, स्टेशनामागे, कापसाच्या गाड्या सुटत त्या मैदानाच्या कडेला. लांबलचक, टिनाची. आत सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास कायम कोंडलेला. खळीच्या भांड्यांवर माशा. दाराजवळच्या कोपऱ्यात शेठचं पान थुंकायचं ठिकाण, तिथली भिंत लाल होऊन वर काळी पडलेली. शेठ तोंडात पान ठेवूनच बोलायचा, त्यामुळे त्याच्या समोर कोणी फार जवळ उभं राहत नसे. मी पंचविशीच्या आतबाहेरचा होतो. मला सगळे मास्तर म्हणत, कारण मागांवरचे नकशे मी भरत असे.

नकशा भरणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागाच्या डोक्यावर डॉबीची पेटी असते. तिच्यावरून लाकडी पट्ट्यांची एक माळ फिरते. विणकराने पायाखालची पावडी दाबली की माळ एक पट्टी पुढे सरकते. प्रत्येक पट्टीला ओळीने भोकं असतात. भोकात लाकडी खुंटी ठोकली की पेटीतला त्या भोकाचा आकडा सुताची एक चौकट वर उचलतो. भोक रिकामं असेल तर ती चौकट खालीच राहते. खुंटी म्हणजे उचल, रिकामं भोक म्हणजे राहू दे. अशा दोनच हुकमांची ती भाषा. फुलं, पोपट, रुईची पानं, काठावर जे काही दिसतं ते सगळं या दोन हुकमांत बसवायचं असतं. पट्टीमागून पट्टी भरत जायचं. एखादी खुंटी चुकली तर तीच चूक पदरापासून पदरापर्यंत पुन्हा पुन्हा उमटत जाते.

तेव्हा माझ्याजवळ बऱ्याच युक्त्या होत्या. पहिल्या पट्टीला निळीचं बोट लावून ठेवावं, म्हणजे माळ कुठून सुरू होते ते शोधत बसावं लागत नाही. खुंटी तुटली आणि जवळ दुसरी नसली तर बांबूची काडी मेण चोळून बसवावी, आठवडाभर टिकते. काठ बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन बदलल्या की कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि कशाने पुन्हा बिघडलं तेही कळत नाही. आम्ही कापड पालथं विणायचो, म्हणजे सुलट बाजू खाली. वर फक्त लांब सुतांचा गुंता दिसतो. म्हणून मी दाढीचा आरसा ठेवला होता. मागाखाली सरकून तो कापडाच्या खाली धरायचा, म्हणजे काठ खरा कसा उमटतो ते कळायचं. विणकर बसल्या जागेवरून ते पाहू शकत नव्हता. तो हाताने चाचपून ओळखायचा, आणि शंका आली तर मला हाक मारायचा. मास्तरांनी आरशात पाहिलं म्हणजे झालं, अशी शेडची पद्धत होती.

खिडकीजवळच्या मागावर एक विणकर बसत असे. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठा. त्याची बायको त्याच्याजवळ जमिनीवर बसून कांड्या भरायची. आदल्या दसऱ्याला ही दोघं आपल्या वस्तीबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध झाली होती. परत आल्यावर आधीसारखीच कामावर आली. शेडमध्ये काही दिवस त्यांची चेष्टा चालली, मग लोकांना तिचाही कंटाळा आला. मी चेष्टा केली नाही. फक्त ऐकत हसायचो. त्याची मला आता जास्त लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात तो शेठकडे गेला. मी तिथेच उभा होतो.

"शेठजी, पांढरी लुगडी विनू द्या. काठाले निळं पिंपळाचं पान. दसऱ्याले वरीस होते, आमच्या बाया नागपूरले जातीन. त्या घेतीन."

"देव सोडले, आता रंगबी सोडले का बे?" शेठने कोपऱ्यात थुंकून घेतलं. "अन् नाई घेतली तं? मी नेसू?"

"घेतीन जी. मी सांगून राह्यलो ना."

"तू सांगून राह्यला. बरं. माल चांगला निघाला तं माग तुझा. खराब निघाला तं उठाचं मागावरून. मंग माह्या दारात रडत येऊ नको."

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? शेजारच्या गावांपर्यंत हातमागाचं दुसरं काम नव्हतं, आणि त्याला विणण्याशिवाय काही येत नव्हतं. त्याच्या बायकोने तोवर वस्तीतल्या बायकांना सांगूनही टाकलं होतं की यंदा आपल्या अंगावर आपलं पान असणार.

पान तिनेच काढून दाखवलं. चुन्याचं बोट घेऊन शेडच्या भिंतीवर, शेठच्या पिचकाऱ्यांपासून लांब.

"टोक लांब पायजे मास्तर," ती म्हणाली. "टोक नसलं तं ते पिंपळाचं नाई, पानठेल्यावरचं पान होते."

मी नकशा भरला. थोडं विणून पाहिलं, आरसा धरला. टोक फार लांब येत होतं. इतकं लांब की पुढच्या पानाला जाऊन लागत होतं.

मी विणकराला खाली वाकायला लावून आरसा दाखवला.

"हा तं उंदीर झाला मास्तर," तो म्हणाला.

"उद्या त्याले कान फुटतीन," बायको खालून म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो. तिघं मिळून हसलेलो तेवढंच मला आठवतं.

मी वर चढून पेटी उघडली. टोकाच्या चौकटीचा आकडा झिजला होता. खुंटी आली तरी तो चौकट लगेच पकडत नसे. घसरायचा. शेजारचा आकडा हलला की त्याच्या धक्क्याने पकडायचा. तोवर चौकट खाली राहायची आणि टोक वाढत जायचं. यावर सरळ उपाय एकच होता. माग थांबवावा, मिस्त्रीला बोलावून आकडा घासून घ्यावा, स्प्रिंग बदलावी. मी शेठला तसं सांगितलं.

"मिस्त्री येईल तवा येईल," शेठ म्हणाला. "माग थांबला तं तू मास्तर कायचा?"

हे बोलणं मला लागलं. मग मी ती युक्ती केली. आकडा उशिरा पकडतो ना, मग त्याला हुकूमच लवकर द्यायचा. ज्या पट्ट्यांवर भोक रिकामं हवं होतं तिथे मी जास्तीच्या खुंट्या ठोकल्या. माळेप्रमाणे पाहिलं तर पानाला टोकच नव्हतं. पण आकडा नेमका तेवढाच उशीर करायचा आणि कापडावर टोक बरोबर यायचं. चुकीच्या पेटीवर चुकीची माळ, आणि खाली पान असं देखणं की सरळ भरलं असतं तरी तसं आलं नसतं. टोक बारीक होत होत वाकल्यासारखं दिसायचं.

मुलांनो, ही युक्ती चालते. मी पुढे पुष्कळ मागांवर केली आणि दुसरेही करतात. पण ती केली की माग आणि माळ एकमेकांच्या खोटेपणाला बांधले जातात. त्यातलं एक कोणी दुरुस्त केलं की दुसरं उघडं पडतं. म्हणून जास्तीच्या खुंट्यांना शेंदूर लावावा, आणि मागावर बसणाऱ्याला सांगावं. एवढंच करायचं असतं. मी शेंदूर लावला नाही आणि सांगितलंही नाही.

का नाही सांगितलं? नमुन्याचा तुकडा निघाला तेव्हा त्याच्या बायकोने तो उन्हात धरला आणि वस्तीतल्या चार बायका पाहायला आल्या. दाराबाहेरच उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "मास्तरच्या हाताले पान लागलं बाई." शेठने तो तुकडा नागपूरच्या एका व्यापाऱ्याला दाखवला आणि हा आमचा नकशेवाला म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. आता यावर मी सांगायला हवं होतं की पान माझ्या हाताने आलेलं नाही, झिजलेल्या आकड्याने आलं आहे. मला ते सांगवलं नाही. तारेच्या आकड्यासारखंच हेही श्रेय मी ठेवून घेतलं.

मागावर सबंध ताणा, म्हणजे उभं सूत, चढला. सगळ्या लुगड्यांचा. विणकराने सुरुवातीची कोरी पट्टी विणली, पहिल्या लुगड्याचा काठ सुरू व्हायचाच होता, तेवढ्यात मिस्त्री आला. दुसऱ्याच मागाची मोडलेली पट्टी जोडायला आला होता. ते झाल्यावर हात पुसत त्याने विचारलं, "और कुछ?"

"ह्याचा आकडा खडखड करते, मिस्त्री," विणकर म्हणाला. "जरा पाहून घ्या ना."

मी चार हातांवर उभा होतो. मिस्त्री वर चढला, आकडा काढला, कानशीने घासला, नवी स्प्रिंग घातली. हे सगळं मी पाहत होतो. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा शेठ दारात उभा होता, बरोबर तोच नागपूरचा व्यापारी. मी मनाशी म्हटलं, ही मंडळी गेली की वर चढून जास्तीच्या खुंट्या काढून टाकू, क्षणाचं काम आहे. शेठ म्हणाला, "चलाव." विणकर विणायला लागला. व्यापारी बराच वेळ रेंगाळला. ते गेले तेव्हा हातभर कापड झालं होतं. आता खुंट्या काढल्या तर त्या हातभरावरची पानं बोडकी आणि पुढची टोकाची, असा जोड लुगड्यात कायमचा दिसणार आणि कोणीतरी विचारणार. मी काढल्या नाहीत. कोणी मागितलेलं नसताना मी स्वतःलाच हा हिशोब समजावून सांगितला, आणि तो मला पटलाही.

दुसऱ्या दिवशी त्याने हाक मारली.

"मास्तर, काठ हाताले येगळा लागून राह्यला. एकडाव आरसा धरा."

मी मागाखाली सरकलो. खाली धूळ, कुस, उंदराच्या लेंड्या. पाठीवर पडून मी आरसा धरला. काठावर पानांची रांग होती. गुबगुबीत, निळी, टोक नसलेली. पानठेल्यावर ओल्या फडक्यात मांडून ठेवतात तशी. वरून त्याचा आवाज आला, "काय दिसते?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "नवीन स्प्रिंग आहे, म्हणून हात वेगळा लागतो. विणत राहा."

"मंग ठीक," तो म्हणाला.

बाहेर येऊन मी कपडे झटकले. त्यानंतर ताणा संपेपर्यंत त्या मागाखाली मी गेलो नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. मास्तरांनी पाहिलं होतं ना.

माल उतरला तेव्हा पाऊस संपत आला होता. मैदानात बाजा टाकून लुगडी सुलट करून पसरली. वस्तीतल्या बायका आल्या होत्या, या वेळी जरा जवळ. मग शेठने वाकून काठ उचलला, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि हसायला लागला.

"वा. पानाचं लुगडं. आता चुना अन् कात तेवढा लावून द्या यायले." त्याने शेजारच्यांकडे पाहिलं, तेही हसले. "हे नेसून चालले नागपूरले? रस्त्यात कोनी चावून टाकन."

विणकर बाजेपाशी खाली बसला. काठावरून अंगठा फिरवत राहिला, एका पानावरून दुसऱ्या पानावर. मग म्हणाला, "मास्तर, खुंट्या पाहाल का?"

"हो, पाहतो," मी म्हणालो.

आता जे लिहितो ते मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मी आत गेलो. शेड रिकामी होती, सगळे मैदानात होते. मी मागावर चढलो आणि जास्तीच्या खुंट्या एकेक करून उपटल्या. चिमट्याने, आवाज न करता. सदऱ्याच्या खिशात टाकल्या. मग सगळी माळ उतरवून खांद्यावर टाकून बाहेर आणली आणि बाजेवर, लुगड्यांच्या शेजारी, उलगडून ठेवली. नमुन्याच्या कागदाशी ताडून शेठला एकेक पट्टी दाखवली. माळ बरोबर होती. एकही चूक नव्हती.

"माळ सही, पेटी मिस्त्रीनं केली," शेठ म्हणाला. "मंग राह्यलं कोन?"

"पावडीवर पाय अर्धा पडत असेल," मी म्हणालो.

हे मी बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं.

विणकर उठून माळेजवळ आला. वाकून पाहू लागला. पट्ट्यांवरची जी भोकं कायम रिकामी असतात त्यांत कापसाची कुस आणि तेल बसून ती काळी, बुजलेली होती. मधली काही भोकं मात्र स्वच्छ होती, आतलं पिवळं लाकूड दिसत होतं. त्याने त्यांतल्या एका भोकावर करंगळी ठेवली.

"ही भोकं साफ हायेत," तो म्हणाला. माझ्याकडे पाहून, हळू आवाजात.

"तं काय त्याइची पूजा करू?" शेठ म्हणाला. "बोलनं झालं होतं ना आपलं? मंग. मजुरीच्या बदली हा कचरा घेऊन जाय. उद्यापासून मागावर दुसरा बसन."

तो अजूनही माझ्याकडे पाहत होता. माझ्या खिशातल्या खुंट्या छातीला टोचत होत्या. त्याला ओरडता आलं असतं, माझा खिसा धरता आला असता. त्याने तसं केलं नाही. शेठ आत गेला, हसणारे पांगले, बायका लुगडी गोळा करायला लागल्या, तरी तो तसाच थांबला होता. शेवटी म्हणाला, "तुमी सांगाल म्हनून थांबलो होतो." आणि लुगड्यांचं गाठोडं उचलून बायकोच्या मागे निघून गेला. मी खुंट्या संध्याकाळी खळीच्या चुलीत टाकल्या. लाकूड तेलकट होतं, लगेच पेटलं.

दुसऱ्या दिवशी नवा ताणा चढवून त्या मागावर नवा माणूस बसला. दुरुस्त पेटी, दुरुस्त माळ. पहिल्याच हातभरात पानाला टोक आलं. शेठने सगळ्यांना बोलावून दाखवलं, पाहा, माग तोच, माळ तीच. लोकांनी माना डोलावल्या. त्या मागावर पुढे पुष्कळ दिवस पिंपळपान निघत राहिलं, आणि नकशा माझा म्हणूनच ओळखला जायचा.

दसऱ्याच्या दिवशी मी सिंदी स्टेशनावर गेलो होतो. घरी जायला म्हणून गेलो, पण खरं म्हणजे पाहायला गेलो. नागपूरकडची गाडी यायची होती. फलाटावर त्या बायका बसल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. मला वाटलं होतं लुगडी दुसरीच असतील. ती तीच होती. मी जवळून गेलो तेव्हा दिसलं, प्रत्येक पानाला टोक होतं. सुईने, निळ्या दोऱ्याने काढलेलं. लांब, आखूड, एखादं डावीकडे वाकलेलं, एखादं उजवीकडे. प्रत्येकीने आपापलं काढलं होतं, किंवा एकमेकींचं. विणकराची बायको मला पाहून पदर सारखा करत दुसरीकडे वळली. तो तिच्याजवळ उभा होता, डोक्याला धुतलेलं पांढरं फडकं. त्याने पाहिलं की नाही मला कळलं नाही. तेव्हा तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला होता.

त्या टोकांना मी काहीही म्हणण्याच्या लायकीचा नव्हतो. पण मनात पहिला विचार काय आला तेही सांगतो. टाके वाकडेतिकडे आहेत, असं आलं. मास्तरच्या डोळ्याला तेवढंच दिसलं. मला माझ्या डोळ्यांची किळस आली, आणि ती गेलेली नाही.

तो पुन्हा मागावर बसला नाही. पुष्कळ वर्षं गाठी उचलल्या. मला वाटेत दिसला की मी रस्ता बदलायचो, मग वर्ध्याला नोकरी मिळाली, नालवाडीत घर केलं आणि रस्ता बदलायचीही गरज उरली नाही. परवा वर्गातल्या लोकांनी युक्त्या मागितल्या तेव्हा मी तीन दिवस तो कागद कोरा ठेवला आणि मग सिंदीची गाडी पकडली. त्याच्या घरी गेलो. तो दोन वर्षांपूर्वी गेला होता. बायको होती, ओट्यावर बसलेली, चष्मा लावून. मी कोण ते सांगावं लागलं नाही.

"बसा मास्तर," ती म्हणाली.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. जास्तीच्या खुंट्या, आरसा, चिमटा, खिसा, चूल. इतक्या वर्षांनी ते सांगायला फार वेळ लागला नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. मांडीवर तेच लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ आणि पिवळट झालेलं. काही पानांची टोकं उसवली होती, ती पुन्हा घालत होती.

"त्यायनं मले तवाच सांगतलं होतं," ती म्हणाली. "घरी आल्या आल्या."

"मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"कोनाले बोलाचं? ऐकनारं कोन होतं तवा? आन तुमाले तं माईतच होतं."

नात लुगडं नेसणार आहे, म्हणून नीट करून राह्यली, असं ती पुढे म्हणाली. तिच्या हातातली सुई ओवली जात नव्हती. दोरा दोनदा भोकाशेजारून गेला. तिने सुई आणि दोरा माझ्यासमोर धरला. "ओवून द्या. मले दिसत नाई आता."

मी खाली बसलो. दोऱ्याचं टोक विस्कटलं होतं. सवयीने मी ते तोंडात घालून ओलं केलं, पिळलं आणि सुईत ओवून तिच्या हातात दिलं.

तिने सुई घेतली. दोऱ्याचं ते ओलं टोक चिमटीत धरलं, पदराच्या कोपऱ्याने नीट पुसून कोरडं केलं, आणि मग खाली वाकून पानाचं टोक घालायला लागली.